सेवक या विषयाची तोंडी परीक्षा

सुकदेवआप्पांना स्वतःचा पेला विसळताना मी कधी पाहिलेलं नाही. तरीही ‘सेवक’ या विषयावर त्यांनी अठरा पानांचं उत्तर लिहिलं. लिहिलं म्हणजे, खाटेवर पडून त्यांनी सांगितलं आणि समोर स्टुलावर बसून मी उतरवून घेतलं. मी टेक्स्टाइल मार्केटात पार्सलांवर पत्ते लिहितो. अक्षर चांगलं असण्याचा तोटा हा की आजूबाजूच्यांचे अर्ज-विनंत्या आपल्याच गळ्यात पडतात. माझ्या गळ्यात पवित्रशास्त्र, म्हणजे बायबल, पडलं.

आम्ही गोडादऱ्यात एका भिंतीचे शेजारी. मी बौद्ध, वडील रेल्वेत होते म्हणून सुरतेत. आप्पा पारोळ्याकडचे, चाळीस वर्षांपूर्वी आले आणि लूमच्या कारखान्यात मास्तर झाले. मास्तर म्हणजे मशीन बिघडलं की दुरुस्त करायचं आणि मशीन चांगलं असेल तर कारागिराला बिघडवायचं. तीस वर्षं त्यांनी हे मन लावून केलं. मग कारखाना बंद झाला आणि खेकसायला घरात एकट्या सरलाबाई उरल्या.

नवागामला प्रदीपभाईंच्या घरी रविवारची प्रार्थना होते, तिथे पहिल्यांदा गेल्या त्या सरलाबाईच. त्यांना तिथली गाणी आवडली. बायको जाते कुठे, हे बघायला आप्पा मागून गेले आणि तिसऱ्या रविवारी प्रदीपभाईंच्या चुका काढू लागले. प्रदीपभाई तिथले पाळक, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि सोशिक माणूस. त्यांनी सांगितलं की पोस्टाने एक अभ्यासक्रम येतो, मराठीत आहे, दोन वर्षांचा, सहा पेपर. पुढे मागे गोडादऱ्यात नवा वर्ग सुरू करायचाय, तर जो पास होईल त्याने तो चालवावा. आप्पांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: समोर वीस माणसं बसलेली, मधे खुर्ची, खुर्चीत आपण, आणि कुणी उलट बोलायचं नाही. आप्पांच्या मनात श्रद्धा कधी आली ते मला ठाऊक नाही, पण फॉर्म मात्र त्यांनी त्याच दिवशी भरला.

त्यांना ती खुर्ची हवी होती. साठीच्या माणसाला एखादी गोष्ट इतकी हवी असलेली मी दुसरी पाहिली नाही.

अभ्यास मोठ्या आवाजात चाले. सरलाबाई खाली बसून साड्यांवर स्टोन चिकटवत आणि आप्पा खाटेवरून निर्मिती, पाप, करार, कृपा असे एकेक विषय घरावर सोडत. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी सुट्टी, यावर ते देवावर खूश होते. पापाच्या पेपरात आदामाने बायकोकडे बोट दाखवलं, ते प्रकरण त्यांनी तीन दिवस वाचलं आणि दर वेळी खाली बघून वाचलं. कृपेच्या धड्यात लिहिलं होतं की ही कमावून मिळत नाही, फुकट मिळते. आप्पांनी विचारलं, मग तिचा पेपर कशाला ठेवलाय? मी ‘प्रश्न विचारार्ह आहे’ असं लिहून वेळ मारून नेली आणि त्यांना सत्तर मार्क पडले.

सहावा पेपर ‘सेवक’. त्यात येशू जेवणावरून उठतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो, त्या प्रसंगाचा अर्थ सांगायचा होता. आप्पा उठून बसले. म्हणाले, हे तर आपल्याकडचंच आहे. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो की नाही? मुलीकडचे ते लहान, मुलाकडचे मोठे. म्हणजे जगाचा धनी असून तो मुलीकडचा झाला. शिष्यांतला पेत्र नको नको म्हणतो, त्याचंही आप्पांना नवल नव्हतं. प्रत्येक लग्नात एक जण असा रुसतोच, त्याच्या हातापाया पडावं लागतं, मग तो पाय पुढे करतो.

मला हसू आलं होतं, पण लिहिता लिहिता ते गेलं. माझ्या बहिणीच्या लग्नात आमच्याकडे पाय धुण्याची रीत नव्हती, तरी वडील मुलाकडच्यांपुढे दिवसभर कसे वाकून वावरत होते ते मला आठवलं. जगाच्या धन्याने मुलीचा बाप व्हायचं ठरवलं, ही गोष्ट मला पटली. आप्पांसारख्या माणसाच्या तोंडून ती यावी याचा मला राग आला, हेही सांगतो.

तोंडी परीक्षा नवागामलाच होती. परीक्षा घ्यायला नवापूरहून आनंदीबाई आल्या. या रिटायर नर्स, पांढरी साडी, आवाज हळू, पण समोरचा सरळ बसेल असा. पंचवीस-तीस माणसं जमली होती. मी लेखनिक म्हणून कोपऱ्यात होतो आणि सरलाबाई दाराशी, कारण पाण्याचं बघायला कुणीतरी लागतं.

आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी मुलीच्या बापाचं सगळं सांगितलं आणि खरोखर छान सांगितलं. बायका पदराने डोळे टिपू लागल्या. दोन-तीन बापांनी माना खाली घातल्या. आनंदीबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या की इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी प्रदीपभाईंकडे पाहिलं. त्या नजरेत खुर्ची घरी कशी न्यायची याचा विचार होता.

मग आनंदीबाई म्हणाल्या, एकच बाकी राहिलं. जो वर्ग चालवणार त्याने इथे बसलेल्या एका माणसाचे पाय धुवायचे, अशी आमची पद्धत आहे. कुणाचे धुवायचे ते तुम्ही निवडा.

आप्पा या तयारीने आले होते. त्यांनी लगेच प्रदीपभाईंचं नाव घेतलं. आनंदीबाई म्हणाल्या, ते पाळक आहेत, मोठे आहेत, त्यांचे पाय कुणीही धुवेल. आप्पांनी मग माझ्याकडे हात केला. हा दुसऱ्या धर्माचा, शिवाय वयाने लहान, यापेक्षा नम्रता ती काय असणार. आनंदीबाईंनी मला विचारलं की हे तुमचे कोण. मी म्हणालो, मी यांचे पेपर लिहून देतो. मग तुमचे उपकार आहेत, ती फेड झाली, असं म्हणून त्यांनी मलाही बाद केलं. आणि म्हणाल्या, ज्याच्यापुढे वाकायचं तुमच्या स्वप्नातही आलं नाही, असा माणूस बघा.

तेवढ्यात सरलाबाई परात आणि बादली घेऊन आत आल्या. पाणी कोमट आहे ना, ते त्यांनी सवयीने बोटं बुडवून बघितलं, टॉवेल आप्पांच्या हाताशी ठेवला आणि परत वळल्या. खोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. आप्पाही बघत होते. कळायला त्यांना वेळ लागला, पण कळलं.

इतका वेळ पुस्तकी बोलणारे आप्पा एकदम घरच्या बोलीवर आले. “माले काय, मी धुसू,” ते म्हणाले. “पन पाप तिले लागी.”

हे मात्र मानलं पाहिजे. दुसऱ्या पेपरातलं पाप त्यांनी सहाव्या पेपरात वापरलं आणि तेही बायकोच्या काळजीने. चार-दोन पुरुषांनी मान डोलावलीसुद्धा. नवऱ्याने पायाला हात लावला तर बाईला पाप लागतं, हे कुठल्याही धर्मात गेलं तरी सोबत येतं.

सरलाबाईंनी चप्पल काढली. “लागू द्या,” त्या म्हणाल्या. “आजलगून तुमनं काय काय लागनं माले, हाई बी लागी.” आणि खुर्चीवर बसून त्यांनी दोन्ही पाय परातीत ठेवले.

कुणी हसलं नाही. आप्पा खाली बसले. गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. पाय कसा धुतात हे त्यांना माहीत नव्हतं. लूमचा पट्टा धरावा तसा त्यांनी तो धरला. सरलाबाईंनी हळूच सांगितलं की बोटांच्या मधे पण धुवा. त्यांनी धुतलं. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट आडवं वळलेलं होतं, त्यावर नखच नव्हतं. तिथे त्यांचा हात थांबला.

“ह्या बोटले काय व्हयनं?”

“गॅसनी टाकी पडनी व्हती,” सरलाबाई म्हणाल्या. “अकरा वरीस व्हयनात. तुम्ही तठेच व्हतात, खाटवर.”

मला ते आठवत होतं. भिंतीपलीकडून मी टाकी पडल्याचा आवाज ऐकला होता, आणि दोन महिने ती बाई लंगडत पाणी भरताना आमची सगळी गल्ली बघत होती. मीही बघत होतो आणि एक बादलीसुद्धा उचलली नाही. दुसऱ्याच्या पाठीवर आसूड ओढायला निघालो होतो, तो जरा माझ्याही पाठीवर बसला.

आप्पांनी दुसरा पाय धुतला, टॉवेलने पुसला आणि उठले. आनंदीबाईंनी फॉर्मवर सही केली. आप्पा पास झाले.

आता गोडादऱ्यातला वर्ग आप्पा चालवतात. खुर्ची त्यांनी स्वतः पसंत केली, हातांची आहे. विषय निर्मितीचा असो की न्यायाचा, दहा मिनिटांत ते पाय धुण्यावर येतात. आपण कसे भर सभेत खाली बसलो, बायकोच्या डोळ्यांत कसं आनंदाचं पाणी आलं, आणि आनंदीबाई कशा गहिवरल्या. ही गोष्ट दर रविवारी थोडी वाढते, पण तिच्यात ते बोट नसतं. सरलाबाई भिंतीला टेकून मागे बसलेल्या असतात आणि सगळं ऐकतात. घरी पाणी अजून त्याच भरतात.

गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर माझ्याने राहवेना. मी सरलाबाईंना विचारलं की समोर इतकं खोटं चालतं, तुम्ही एकदा तोंड का उघडत नाही.

“त्यासले सांगू द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्यासनं सांगनं चालू ऱ्हास तवलगून माले बसाले भेटस.”