ब्लाझेनाबाई आणि कोळशाचा आकडा

ब्लाझेनाबाई अणुकेंद्राच्या आकड्यातली थोडी वीज चोरतात आणि कोळशाच्या आकड्यात ओततात, असं आमच्या गावात सगळे सांगतात. साफ खोटं. कुठल्या केंद्रात वर्षभरात किती वीज झाली ते आकडे वीज कंपनीकडून येतात, जानेवारीत बाई ते गावच्या कचेरीत बसून खांबांवरच्या भोंग्यांवरून वाचतात, एवढंच. खरी गंमत आवाजात आहे. अणूचा आकडा त्या किराण्याच्या यादीसारखा उरकतात; कोळशाचा आला की पाहुण्याला खुर्ची द्यावी तसा एकेक शब्द नीट बसवतात. ही नक्कल करून मी बिअरच्या खानावळीत अर्धं गाव हसवून लोळवलंय.

कारण बाईंचा भाऊ, ओल्द्रिख. आमचं गाव अणुकेंद्राच्या वाफेखाली जगतं. तो मात्र दूर उत्तरेकडे, कोळशाच्या केंद्रात बॉयलर सांभाळून म्हातारा झाला. या नाताळानंतर ते केंद्र कायमचं बंद झालं. म्हणजे या खेपेला बाईंना भावाचा शेवटचा आकडा वाचायचा होता, आणि तो ऐकायला भाऊ त्यांच्या शेजारी येऊन बसणार होता. आमच्याकडे कोळशाचं कौतुक कुणाला? बाईंचा आवाज जरा जरी फुटला असता, तरी ईस्टरपर्यंत खानावळीत ओल्द्रिखची टिंगल चालली असती.

"आणि ती टिंगल सुरू कोण करणार? तूच, पोपटा," बाई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्ही रडणारच, लावा पैज. निवेदन करताना रडलात तर एक दिवस माईक माझा. नाही रडलात तर हिवाळाभर कचेरीच्या पायऱ्यांवरचा बर्फ मी काढीन. बाईंनी लगेच हात पुढे केला.

निवेदनाच्या दुपारी खांबाखांबावरून आधी नेहमीचा बँड वाजला. मग बाई आल्या. अणू भराभर उरकला. मी खानावळीच्या दारात कान टवकारून उभी.

"उत्तरेकडचं केंद्र," बाई म्हणाल्या, "शेवटच्या दिवसापर्यंत चाललं. वर्षभरात एकदाही अडखळलं नाही."

बाईही अडखळल्या नाहीत. आकडा सांगितला, आभार मानले, पुन्हा बँड लावला. बँड संपला, पण माईक बंद करायचा राहिला.

"ओल्दा, रडू नको रे," सगळ्या खांबांवरून आवाज आला. "तू रडलास की मलाही आवरत नाही." मग दोन नाकं शिंकरली गेली, एक बारीक, एक बॉयलरसारखं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "चल, लसणाचं सूप गार होतंय."

खानावळीत कुणी हसलं नाही. मी मात्र धावत कचेरी गाठली आणि सांगितलं, अख्ख्या गावानं ऐकलंय, माईक माझा.

बाईंनी डोळे पुसत विचारलं, "निवेदन संपलं होतं की नव्हतं?"

"संपलं होतं, पण..."

"मग पुढचं आमचं घरचं."

मी न्यायासाठी ओल्द्रिखकडे पाहिलं. त्यानं रुमालाची घडी घातली, जरा विचार केला.

"बहिणीची बाजू घेतोय असं समजू नकोस, पोरी," तो म्हणाला, "पण फावडं दाराआड आहे."