परंड्यात अडकलेली विलायत

विलायतेचं वर्णन पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहिणार आहे ते कळंबहून परंड्याला जाण्याचं, कारण आमचा खरा प्रवास तेवढाच झाला. पुढं समुद्र लागला, पण आमच्या घरच्यांइतका तो आडवा आला नाही.

लढाई संपून बोटी पुन्हा प्रवासी नेऊ लागल्या होत्या. माझा धाकटा भाऊ विलायतेला डॉक्टरी शिकायला गेला तो लढाईत तिथंच अडकला. आई गेली तेव्हाही त्याला येता आलं नाही. आता तिथलाच झाला. "ताई, मुलांना घेऊन ये," असं त्याचं सारखं चाललं होतं. राजाचा वाडा, मोठं घड्याळ हे मुलांसाठी. मला फक्त त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिली अडचण शाळेची. सदर मुदर्रिस (मुख्याध्यापक) म्हणाले, "बाई, गर्मीची सुट्टी तर जहाजातच खतम होईल!" हिशेब बरोबर होता, त्यामुळं मला जास्तच राग आला. शेवटी शकू आणि बाळूनं परत येऊन वर्गाला विलायतेचा जुगराफिया (भूगोल) सांगायचा, या अटीवर रुखसत (रजा) मिळाली.

दुसरी अडचण मामंजी, म्हणजे माझे सासरे. समुद्र ओलांडणं त्यांना मुळातच पसंत नव्हतं. महिनाभर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "जावा. पन परस्थान ठेवल्याबिगर न्हाय."

प्रस्थान म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर प्रवाशांचे कपडे, सुपारी, तांदूळ बांधून वाटेवरच्या कुणाच्या घरी आधी पाठवतात. गाठोडं निघालं की माणूस निघाला. जाताना ते उचलायचं. आता आम्हाला येडशीचं स्टेशन जवळ. पण येडशी पडली दक्षिणेला!

"दक्षिणंला तोंड करून कुनी चांगल्या कामाला निघतंय व्हय?" मामंजी म्हणाले. म्हणून प्रस्थान पश्चिमेला, थेट परंड्याला, त्यांच्या बहिणीकडं, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडं. वर सूचना अशी, की ज्यावाचून प्रवास अडेल, ती वस्तू त्यात हवीच.

आमचे वकीलसाहेब, म्हणजे मुलांचे वडील, कोर्टात साक्षीदाराला घाम फोडतात. वडिलांपुढं नंदीबैल होतात. त्यांनी सगळ्यांचे लोकरी कोट बांधले आणि एका कोटाच्या खिशात पासपोर्ट घातले. मला हे कळलं गाठोडं गेल्यावर.

निघायच्या दिवशी मोटार आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आली तेव्हा तिच्या टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि आत आम्ही. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, बाभळी आणि धूळ. भूमला उतरून भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. तेवढ्यात समोरून परंड्याची मोटार येऊन न थांबता गेली, आणि शकू ओरडली, "आई, त्या मोटारीत आत्याआजी!"

"गप जेव," मी म्हणाले. "आत्याआजी परंड्याला आपली वाट बघत बसल्यात."

परंड्यात पोचलो तर आत्याबाईंच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती.

"मुदत सरली न्हवं का," ती शांतपणे म्हणाली. "परस्थान पाच रातीच्या वर ठिवू न्हाय. तुमी काय आला न्हाईत. बाई म्हणाल्या, लेकरांस्नी दोष नगं लागाया. भावाकडं घिऊन गेल्या, नवा मुहूर्त काढाया."

गाठोड्याबरोबर पासपोर्टही गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुर्डुवाडीहून मुंबईची गाडी, आणि मुंबईला बोट. ती चुकली तर मुलांची रजा संपणार, आणि मामंजी पुन्हा कधी हो म्हणणार? प्रस्थान घरी परत आलं म्हणजे प्रवास मोडला, असा रिवाज. त्यांना आयतंच निमित्त मिळालं होतं. मी वकीलसाहेबांना नको नको ते बोलले.

ती रात्र शेजारणीच्या ओसरीवर काढली. सकाळी मुलं गावच्या किल्ल्यातल्या तोफांवर चढून आली आणि बाळूनं विचारलं, "लंडनची तोफ यापेक्षा मोठी असती का?" मला रडू येत होतं.

दुपारी कळंबची मोटार आली. तिच्यातून मामंजी उतरले, धुळीनं पांढरे, पोटाशी धरलेलं गाठोडं तसंच घेऊन. मी पदर सावरून उभी राहिले.

"परस्थान घरी आलं," ते म्हणाले. "परवास मोडला."

"मामंजी, माझा भाऊ..."

"ऐकून तर घे. तुमचा मोडला. मग म्या त्यात माझं उपरणं घातलं. आता हे माझं परस्थान. माझा मुहूर्त आज सकाळचा व्हता, म्या निघालो."

"तुम्ही? कुठं?"

"तुमी जाल तितं." त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. "मला काय बोट सोसायची न्हाय. हे तेवढं न्या. अन् बिगीनं निघा, गाडी काय तुमच्या बापाची न्हाय."

गाडी मिळाली. बोटही मिळाली. भाऊ धक्क्यावर उभा होता. केस पिकले होते, पण चाल आईची. मी त्याला धरून इतकी रडले की मुलांना लाज वाटली. विलायतेत साखरसुद्धा मापून मिळत होती. आम्ही नेलेला गूळ त्यानं देवाच्या प्रसादासारखा खाल्ला.

परत आलो तेव्हा मी पहिल्यांदा उपरणं काढून मामंजींपुढं ठेवलं.

"धुतलं न्हाईस न्हवं?"

"नाही."

त्यांनी ते उचललं, वास घेतला आणि खांद्यावर टाकलं. मला कुठलाही प्रश्न विचारला नाही.

वर्षभर खपून हा बेत मी जमवला. पण आता कुणी पाहुणं आलं, आणि मी "आम्ही लंडनला उतरलो तेव्हा" असं नुसतं सुरू केलं, की ओसरीवरून मामंजींचा आवाज येतो, "तवा तितं लई गारठा व्हता."