परवामास्तरांचा कच्चा टाका

मास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण अख्खी गल्ली त्यांना परवामास्तर म्हणायची. पॅंट कधी? परवा. कोट? परवा. एका नवऱ्या मुलाचा सूट त्यांनी लग्न उरकल्यावर दिला आणि वर ऐकवलं, "बरं झालं, आता पोट सुटेल तेव्हा बरोब्बर बसेल."

त्यामुळे मास्तरांच्या जुन्या गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले, तेव्हा गॅरेजवाल्याने संधी सोडली नाही. त्याची पॅंट मास्तरांकडे केव्हाची अडकलेली होती. त्याने चाकात डोकावून पाहिलं आणि गोड हसून म्हणाला, "पुढचे पॅड संपलेत, मास्तर. बदलून देतो की. परवा या."

"अरे, उद्या रविवार! मला गाडी लागतेय."

"मलाही पॅंट लागत होती."

रविवारी मास्तरीणबाईंना बहिणीकडे जेवायला जायचं होतं आणि त्यांनी साफ सांगून टाकलं होतं, "त्या बोंबलणाऱ्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. भावोजी येताहेत मला न्यायला."

भावोजी म्हणजे मास्तरांचे साडू. नवी कोरी गाडी, गाडीत अत्तराची कुपी आणि मास्तरांनी शिवलेला शर्ट चिमटीत धरून, "हल्ली रेडिमेडही छान मिळतात, नाही?" असं विचारायची सवय. आपली बायको त्या अत्तरात बसून जाणार आणि आपण मागून बसने, हे चित्र मास्तरांच्या डोळ्यांपुढे रात्रभर नाचलं. सकाळी ते नवे पॅड विकत आणून अंगणात उतरले, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"मोजपट्टी कशाला?" पायरीवर तुरपाई करत बसलेल्या बाईंनी विचारलं. "चाकाची कंबर घेणार आहात?"

"तू हातातलं बघ."

मास्तर अगदीच कच्चे नव्हते. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट आधी जरा सैल केले, मग जॅक चढवून चाक काढलं. चकचकीत तबकडीला चिमट्यासारखा धरून बसलेला कॅलिपर सुटा केला. पण तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, वर बांधायचा. मास्तरांनी कमरेच्या इलॅस्टिकने बांधला. कॅलिपर पाळण्यातल्या पोरासारखा झुलायला लागला.

"झोका द्यायला येऊ का?"

मास्तरांनी इलॅस्टिक सोडून जाड नाडी बांधली.

जुने पॅड झिजून नखाएवढे उरले होते. नवे जाड, म्हणून कॅलिपरचा दट्ट्या आत ढकलायचा होता. मास्तरांनी कापायच्या टेबलाचा शिकंजा काढून आणला आणि तो हळूहळू आवळत दट्ट्या आत बसवला. पॅड लागले. मग दुसरी बाजू. ही मात्र झोक्याशिवाय पार पडली. दोन्ही चाकं चढली, गाडी जमिनीवर आली. मास्तर रुबाबात आत बसले आणि त्यांनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला! पुन्हा दाबला, पुन्हा, आणखी पुन्हा. दट्ट्या जागेवर येत गेला तसा पायाखाली ब्रेक कडक झाला.

"चला!" ते खिडकीतून ओरडले. "बसा पुढे. ट्रायल घेऊ."

बाई उठल्या, दाराशी आल्या आणि थबकल्या. 'ट्रायल' हा शब्द ऐकत त्यांचा संसार झाला होता. ट्रायल होईपर्यंत मास्तर पक्की शिवण कधी घालत नसत, नुसता कच्चा टाका. त्या खाली वाकल्या आणि पुढच्या चाकाचा एक नट दोन बोटांनी फिरवला. फिरला!

"अहो, हे काय?"

"असू दे गं. ट्रायल झाली की घट्ट करतो. काही उसवावं लागलं तर?"

"उसवायला ही पॅंट आहे का? चाक निघून बहिणीकडे आपल्याआधी पोहोचेल! उतरा खाली."

मास्तर उतरले. काजं, बटणं, तुरपाई, म्हणजे शेवटचा हात, दुकानात नेहमी बाईंचाच. त्यांनी पदर खोचला, पाना नटावर चढवला आणि त्यावर सगळा भार टाकला. एक नट, मग समोरचा, मग तिरका. चाक सगळीकडून सारखं बसायला हवं, कॉलरसारखं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. तिथून त्या दुसऱ्या चाकाकडे वळल्या.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. साडूंनी काच खाली केली, अत्तराचा भपकारा अंगणात आला.

"मेव्हणीबाईंनाच कामाला लावलंत की मास्तर! या मेव्हणीबाई, एसी लावलाय."

मास्तरांनी मोजपट्टी बोटाला गुंडाळायला घेतली. बायकोकडे बघायचा धीर होईना.

बाईंनी शेवटच्या नटावर आणखी एकदा वजन टाकलं. नट जागचा हलला नाही. मग हात फडक्याला पुसत म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, भावोजी. आम्ही आमच्या गाडीने येतो."

"या खटाऱ्यातून? ब्रेक लागतात का?"

"माझ्या हातचं फिनिशिंग आहे."

पायरीवरची तुरपाई पुडक्यात बांधून घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावला. मास्तरांनी गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू नेऊन ब्रेक दाबला. गाडी मुकाट्याने थांबली. ना किंचाळी, ना कुरकुर. मास्तरांची छाती फुगली.

"बघितलंस?"

"बघितलं. आता डावीकडे घ्या." बाईंनी मांडीवरचं पुडकं सावरलं. "जाता जाता गॅरेजवाल्याची पॅंट देऊन टाकू. झालीय."

"आज?" मास्तर दचकले. "अगं, सवय लागेल त्याला!"