हात लावू नको

वहिनीला फ्रीज हवा होता तो कोलंबीसाठी. आमचं माहेर पेणजवळ, खाडीच्या काठाला. तिथे मासळी मिळते तेव्हा टोपलीभर मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला वास सुटतो. वहिनीला अन्न टाकायचं जिवावर यायचं. शेजारीपाजारी वाटून टाकायची, तरी उरायचं. मग ते मागच्या दारी टाकताना ती तोंड फिरवून उभी राहायची.

मी लहान असतानाच आई गेली. घरात बाईमाणूस हवं म्हणून दादाचं लग्न घाईनेच उरकलं. दादा तेव्हा मिठागरात कामाला होता. वहिनी आली ती स्वतःच पोरसवदा होती, पण माझ्या वेण्या घालणं, ताप आला की उशाशी बसणं, शाळेत कुणी मारलं तर जाऊन भांडणं, हे सगळं तिने केलं. मी रोह्याला सासरी गेले तेव्हा पाठवणीला ती रडली नाही. माझी पिशवी भरत राहिली. पोह्याचे पापड, करंदीची सुकी मासळी, कुळीथ. "आणि काय देऊ गो तुला?" एवढंच म्हणत होती.

पुढे मिठागर बंद पडलं आणि दादा एका कंपनीत शिफ्टला जाऊ लागला. त्यांना एकच मुलगी. वहिनी पावसाळ्याच्या आधीपासून पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. पीतांबराचा पिवळा रंग तिच्या नखांत गणपती होऊन गेले तरी असायचा. त्याच कमाईतून तिने फ्रीज घेतला. लाल रंगाचा, दारावर फुलांची नक्षी असलेला. त्या दिवशी तिने मला व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल थेट फ्रीजच्या आत नेला.

"दिसतंय का गो? दिवा बघ आतला!"

"दिसतंय वहिनी."

"आता तू ये गणपतीला. गेल्या खेपेसारखी कोलंबी फुकट नाय जायची."

टेम्पोतून फ्रीज घेऊन आलेल्या माणसांनी सांगायचं ते सांगितलं होतं, हे मला नंतर भाचीकडून कळलं. आडवा आणलाय, लगेच चालू करू नका, थोडा वेळ उभा राहू द्या. भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळली पाहिजे. पाण्याजवळ ठेवू नका. आणि थ्री पिनचाच बोर्ड लागेल, अर्थिंगवाला. "अर्थिंग हाय ना घराला?" असं त्यातल्या एकाने विचारलं होतं. दादा म्हणाला, "हाय की."

होतीही. घर बांधलं तेव्हा वायरमनने अंगणात पुरलेली. पण उधाणाचं पाणी घरात शिरायला लागलं तसा आम्ही जोत्यावर भराव टाकून जमीन उचलून घेतली होती, आणि त्या कामात ती तार कधी तुटली ते कुणालाच कळलं नव्हतं. दिवे लागत होते, पंखा फिरत होता. तार तुटलीय हे कळायला काही कारणच नव्हतं. त्यातून स्वयंपाकघरात थ्री पिनचा बोर्ड नव्हता. दिव्याच्या बोर्डातून एक एक्स्टेन्शन ओढून फ्रीज चालू झाला. जागाही एकच होती, मोरीच्या बाजूची. दुसऱ्या भिंतीला चूल आणि तिसरीला देवघर.

मी गणपतीला गेले तेव्हा फ्रीजच्या दांडीला फडकं गुंडाळलेलं होतं आणि पुढे लाकडी पाट ठेवलेला.

"हे काय गं वहिनी?"

"झिणझिण्या येतात थोड्या. पाटावर उभं राहिलं की नाय येत."

"वायरमनला बोलावलं का?"

"दादानं दोनदा सांगितलंय त्याला. गणपतीच्या मांडवांची कामं हायेत म्हणतो, विसर्जन झालं की येतो." मग हसली. "नवी नवरी हाय, लाजते. हात लावला की अंग चोरते."

दादाने त्या संध्याकाळी मला सांगितलं, "बंद करून ठेवू म्हटलं तर ऐकत नाय. दूध हाय, नारळाचा चव खवून ठेवलाय, पाहुणे हायेत, म्हणते." आम्ही सगळेच ते पाच दिवस चपला घालून, पाटावर उभं राहून, फडक्याने दांडी धरून दार उघडत होतो. एखाद्या मोडक्या जिन्याची पायरी चुकवावी तशी सवय झाली होती.

गौरी-गणपती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पहिल्या शिफ्टला गेला. मी दुपारच्या गाडीने रोह्याला परतणार होते. पडवीत बसून मी माझी पिशवी भरत होते. भाची न्हाऊन केस पुसत माझ्याशी बोलत होती. बारावीचं वर्ष, तिला रोह्याच्या कॉलेजबद्दल विचारायचं होतं. आत वहिनीने जमीन धुवायला काढली होती. पाण्याचा आवाज येत होता, खराट्याचा आवाज येत होता. मग खराट्याचा आवाज थांबला. तिने फ्रीज पुसायला घेतला असावा, कारण पाट उचलून बाजूला उभा केलेला होता आणि ओलं फडकं तिच्या हातात होतं. हे नंतर पाहिलं. तेव्हा आम्हाला ऐकू आला तो एक आवाज, ज्याला ओरडणं म्हणता येणार नाही. छातीत अडकलेला. आणि पाठोपाठ बादली कलंडली.

मी आत धावले. वहिनी फ्रीजला चिकटून उभी होती. उभी म्हणजे कशी, तिचे गुडघे वाकले होते, पण हात सुटत नव्हता. तोंड माझ्याकडेच होतं. डोळे उघडे होते. मी दोन्ही हात पुढे केले. माझे पाय पाण्यात जाणार, एवढ्यात मागून भाची किंचाळली.

"आत्या, हात लावू नको!"

मी तशीच थांबले. का थांबले, सांगता येणार नाही. त्या आवाजात असं काही होतं की माझे हात हवेत राहिले. पोर माझ्या बाजूने सूं करून पडवीत गेली, स्टुलावर चढली आणि तिने मेन स्विच पाडला. वहिनी खाली कोसळली.

मग आम्ही दोघींनी तिला धरलं. शेजारचे धावून आले. एका शेजाऱ्याने तिची छाती दाबायला सुरुवात केली, कंपनीत त्याला तसं शिकवलं होतं. रिक्षा आली. पेणच्या रस्त्याने जाताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो माणूस वाकून, घामाने निथळत, छाती दाबतच होता. भाची पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. ती एकदाही मागे वळली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रयत्न केला. मग बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी कसंबसं काय झालं ते सांगितलं. त्यांनी भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू अगदी बरोबर केलंस, बाळा. नाहीतर आत्याही गेली असती." भाचीने मान डोलावली, शाळेत बाईंनी काही समजावून सांगितल्यावर डोलवावी तशी. दादा कंपनीच्या कपड्यांतच आला. भिंतीला टेकून खाली बसला आणि तिच्या चपला कुठे आहेत म्हणाला. तिला अनवाणी नेऊ नका, म्हणाला.

बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. बायका येत, माझ्या गळ्यात पडून रडत, मग काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून विचारत. एकदा नात्यातली एक म्हातारी पडवीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय पण आजकालच्या पोरी. आई डोळ्यांसमोर तडफडतेय नि पोरीनं हात नाय लावला गो."

भाची आत तांदूळ निवडत होती. तिचा सुपावरचा हात थांबला.

दादा अंगणात कुणाशी तरी बोलत होता. तो आत आला. एरवी मोठ्यांसमोर न बोलणारा माणूस. त्याचा आवाजही चढला नाही. "काकी, तिनं हात लावला असता तर मी आज दोन मुडदे उचलले असते. नाय, तीन. माझी बहीण पण तिथंच होती. पोरीनं करायचं ते केलं. करायचं ते मी नाय केलं. बोलायचं तर मला बोला."

म्हातारी वरमली. पदर तोंडाला लावून रडायला लागली. पण शब्द बाहेर पडून गेले होते. भाची उठून मागच्या दारी गेली, तिथे किती तरी वेळ पाठमोरी उभी होती.

वायरमन बाराव्यानंतर आला. त्याच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता. त्याने फ्रीज ओढून मागची बाजू दाखवली. खाली वायर उंदराने कुरतडली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. "अर्थिंग असती तर फ्यूज उडाला असता, बस," तो म्हणाला. दादाने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. सगळे सांगत होते, फ्रीज भंगारात दे, घरात ठेवू नको. दादा म्हणाला, दुरुस्त कर. तिनं हौसेनं घेतलाय.

अर्थिंगचा खड्डा दादाने स्वतः खणला. वायरमनने मीठ आणि कोळसा आणायला सांगितलं. खड्ड्यात पाइपाभोवती त्याचे थर देतात, म्हणजे जमीन ओल धरून ठेवते. दादा अर्धा जन्म मीठ ओढलेला. आता तो दुकानातून मिठाची गोणी घेऊन आला, खड्ड्याच्या काठाशी बसला आणि ओंजळीने मीठ टाकायला लागला. एक थर मिठाचा, एक थर कोळशाचा. वायरमन म्हणाला, गोणीच ओता की. दादाने ऐकलं नाही. ओंजळ भरायची, वाकायचं, सोडायची. मी पडवीतून बघत होते. शेवटी मला बघवेना, मी आत गेले.

नंतर थ्री पिनचा बोर्ड आला, वायर नवी झाली, करंट गळला तर आपोआप बंद पडणारा खटका मेन बोर्डात बसला. फ्रीज मोरीपासून हलवून बाहेरच्या खोलीत, स्टँडवर, भिंतीपासून वीतभर पुढे उभा केला. दादाने टेस्टर विकत घेतला. आता गावात कुणाकडे नवा फ्रीज किंवा वॉशिंग मशीन आलं की तो जातो. चहा घेत नाही. तपासतो, प्लगची तिसरी पिन कुणी कापून टाकली नाही ना बघतो, पुसायचं असेल तेव्हा आधी प्लग काढा म्हणून सांगतो आणि निघतो. लोक त्याला नाही म्हणत नाहीत. कुणी हसतही नाही.

बारावी झाल्यावर भाची शिकायला माझ्याकडे रोह्याला आली. शहाणी पोर. घरात मदत करायची, माझ्या मुलांचा अभ्यास घ्यायची. आईबद्दल बोलायची तेही साधंच. आई हे असं करायची, आईला ते आवडायचं. मला वाटलं, सावरली. फक्त झोपेत तिचा हात माझ्या हाताला लागला की ती चटकन काढून घ्यायची.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघी रोह्याहून गाडीने पेणला निघालो. डब्यात गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली होती. बाहेर भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. बाहेर बघतच ती म्हणाली, "आत्या, आई माझ्याकडे बघत होती. तुझ्या मागे मी होते ना, तर माझ्याकडे."

मी तिच्याकडे वळले.

"मी बोलले ते तिला ऐकू गेलं असेल का?"

"कोणतं गो?"

"हात लावू नको. ते." तिने ओठ आवळले. "तिला वाटलं असेल, पोरगी मला धरायला नाय देत. शेवटचं तेच ऐकलं तिनं माझ्याकडून."

इतके दिवस ती हे एकटी घेऊन फिरत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तिच्या बापाने सांगितलं होतं, मीही कितीदा म्हणाले होते की तुझ्यामुळे मी जिवंत आहे. ते सगळं तिला मान्यच होतं. पण ती विचारत होती ते वेगळंच होतं आणि त्याचं उत्तर देऊ शकणारी एकच बाई होती.

"मला नाय माहीत," मी म्हणाले. "पण मी तिच्या हाताखाली वाढलेय. मी मरावं असं तिला वाटलं असेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाय."

ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, मोठ्याने, समोरच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या इतक्या मोठ्याने. मी तिला जवळ घेतलं. तिने या वेळी हात काढून घेतला नाही. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या.

पेण आलं. समोरच्या बाईने आमची पिशवी वरून काढून दिली. दादा फलाटावर उभा होता, आम्हाला डब्याडब्यात शोधत.