अर्ध्या दिवसात जोडलेला पेमेंट गेटवे

मंडळी, घाईत टाइप करतोय, चुका पोटात घाला.

आमच्या नोएडाच्या मराठी मंडळाच्या साइटवर दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेतात. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे मी अर्ध्या दिवसात जोडला होता. यंदा दुसऱ्या कंपनीचा जोडायला मंडळातल्या मुग्धाला नऊ दिवस लागले, आणि ती तर पेशाने डेव्हलपर. मी ग्रुपवर विचारलं, "अगं, गेटवे जोडतेयस की त्यावर भाष्य लिहितेयस?"

आज दुपारी ती लॅपटॉप घेऊन घरीच आली. "काका, तुमचं जुनं काम बघा." तिने ब्राउझरमध्ये थेट, पैसे भरल्यावर उघडणाऱ्या 'धन्यवाद' पानाचा पत्ता टाकला. एक रुपयाही न भरता दोन किलो चकलीची पावती निघाली.

"पैसे खरंच आले का, हे तुमचा कोड कंपनीला विचारतच नाही. माझे सहा दिवस त्यातच गेले."

"पण त्यांच्या सूचनांत हे नव्हतं."

"होतं यार काका. तिसऱ्या पानावर."

आचमन न करता पूजेला बसणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली.

गेटवे जोडल्यापासून दर दिवाळीला फराळाची पाकिटं जास्त जायची, पैसे कमी यायचे. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, पाकिटांचा हिशेब ठेवणाऱ्या नलूताईंना वीसच्या पुढे मोजता येत नाही. गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं, आणि मंडळात येणंही.

मुग्धा शेजारच्या खोलीत पावत्या ताडून बघतेय. तिकडे जायचा धीर होत नाही. नलूताईंचा नंबर समोर आहे. तुम्ही पहिलं वाक्य काय बोलला असता?