कागद फिरवणारा माणूस

‘होळीची वाडी’ या बागायतीत काम करणारे ते शेतकरी मला एकदाच भेटले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी त्याच जागेवर पर्यावरणपूरक वसाहतीचा नकाशा काढला होता. त्यांनी खुरपं कमरेला खोचलं, नकाशा हातात घेतला आणि कागदावरचा समुद्र खऱ्या समुद्राच्या दिशेला येईपर्यंत फिरवला. मग तरातरा चालत सुटले. मी मागे धावत होते.

उन्हाने आटलेल्या, पाचोळ्याने भरलेल्या बावखलापाशी ते थांबले. वाडीचं हे जुनं तळं मी ‘पडीक जागा’ समजून तिथे पार्किंग काढलं होतं आणि गेटजवळ शोभेचं तळं.

“बाय, तळं बुजवून तळं काढलंस?”

दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. मी काहीच बदललं नाही. परीक्षकांनी नेमकं त्या शोभेच्या तळ्याचंच कौतुक केलं.

आज ऑफिसात कुठलाही नकाशा समोर आला की मी तो फिरवत राहते. मला खुर्चीत बसवत नाही.