आबा, शेळीबाजार आणि आमचा रॅप

आमचा रॅपचा अल्बम नवीन जालन्यात, बियाण्यांच्या गोदामात झाला. गोदाम माझ्या मित्राच्या वडिलांचं. मित्र मारवाडी घरातला, कॉलेजात माझ्या वर्गात होता. बीट त्याचे, शब्द, आवाज आणि तोंडाळपणा माझा. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कंपनीत बी उगवतं की नाही हे तपासायच्या कामाला होते. सुट्टीच्या दिवशी गोदाम गाठायचे. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आवाज घुमत नाही, हा शोध त्याचा. रोलिंग मिलच्या भिंतीबाहेर मोबाइल धरून त्याने लोखंडाची धडधड पकडून आणली होती; तिच्यावर मी ओरडायचे.

एकदा त्याचे वडील अचानक आत आले.

"ही पोरगी पोत्यांशी का भांडून राह्यली?"

"जाहिरात करून राह्यलो पप्पा, आपल्या बियाण्याची," मित्र म्हणाला. त्याला खोटं बोलायला विचार करावा लागत नाही.

"मंग ऐकव."

जाहिरात कुठे होती? मी डोळे मिटले आणि येईल ते सुरू केलं:

"काळ्या रानात सरकी टाक,
औत जुंप नि बैल हाक,
उगवलं तर घरी बस,
न्हाई उगवलं तर काकांना डस!"

काकांनी एका पोत्याची शिवण चाचपली. मग म्हणाले, "शेवटची ओळ काढ. बाकी बराबर आहे."

आठवडाभरात भोंगा लावलेला टेम्पो माझ्या आवाजात गावोगाव फिरायला लागला. पेनड्राइव्ह मित्राने भरला होता. त्यात जाहिरातीच्या मागे त्याने आमच्या अल्बममधलं एक गाणं मुद्दाम टाकलं आणि मला सांगितलंही नाही. तेही नेमकं आबांवरचं.

आबा म्हणजे माझे वडील. वाटूरला आमचं थोडं रान आणि शेळ्या आहेत. शेळीबाजारात आबांची एक ठरलेली तऱ्हा होती. भाव पटला नाही की रुसल्यासारखे उठायचे, धोतर झटकायचे आणि चालू पडायचे. पण असे हळू, की विकणाऱ्याला हाक मारायला भरपूर वेळ मिळावा. गाण्यात ते सगळं आलं होतं:

"आबा उठले, चप्पल घातली,
हाक येईना, चाल मंदावली,
अंगठा तुटला म्हणून वाकले,
वाकून मागं नजर टाकली!"

टेम्पो वाटूरच्या चौकात थांबला तेव्हा आबा तिथेच चहा पीत होते. दुपारी त्यांचा फोन आला.

"टेम्पोत तू बोलून राह्यलीस का?"

"हो."

"चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग मी करत न्हाई."

"मंग?"

"पायात काटा मोडतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला हसू आवरेना. पण पुढच्या बाजारात आबांची खरीच पंचाईत झाली. ते उठले, धोतर झटकलं, निघाले. शेळीवाल्याने हाक मारलीच नाही. उलट मागून ओरडला, "आबा, अंगठा सांभाळा!" सगळा बाजार हसला. आता मागे फिरायची सोय राहिली नाही. आबा तसेच चालत बाजाराबाहेर गेले आणि रिकाम्या हाताने घरी आले. हे मला आईने सांगितलं, तेव्हा हसू जरा मावळलं.

त्या रविवारी आबा गोदामाच्या दारात उभे. टोपी, धोतर, हातात काठी. मित्र मला एकटीला सोडून थप्पीमागे गेला.

"तो बाजा वाजवणारा कुठंय?"

"आबा, ते गाणं काढून टाकतो आम्ही."

"काढू नको. साऱ्या गावाला पाठ झालंय, आता काढून काय फायदा?" ते एका पोत्यावर टेकले. "त्या शेळीवाल्यावर एक कर. त्याचं सगळं सांगतो मी. बाजाराच्या सकाळी शेळ्यांला मीठ चारतो. मंग त्या ढसाढसा पाणी पेतात, अन् पोटं कशी टरारून येतात! गिऱ्हाईकाला वाटतं, शेळी अंगानं भरलेली आहे."

मित्र थप्पीमागून हळूच बाहेर आला. "बाबा, हे माइकवर बोलता का?"

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझं ते धाडधाड जरा कमी कर. शेळ्या बिचकत्यात."

धडधड कमी झाली. आबा माइकसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि एकदम त्या शेळीवाल्याच्या आवाजात बोलायला लागले. तेच गेंगाणं बोलणं, तीच खोटी शपथ, मध्येच शेळीची ढेकर. आबांना नकला येतात हे मला जन्मात माहीत नव्हतं. घरी ते चार शब्दांवर पाचवा बोलत नाहीत. मी तोंडात ओढणी कोंबली, तरी फिसकन हसलेच.

"पुन्हा घेऊ," मित्र म्हणाला.

"बिलकुल न्हाई," आबा म्हणाले. "मी एकदाच बोलतो."

अल्बममध्ये ते गाणं तसंच आहे, मधल्या माझ्या हसण्यासकट. वाटूरच्या चौकात ते वाजलं, तेव्हा शेळीवाला म्हणे पैसे न देताच चहाच्या टपरीवरून उठला आणि झपझप निघून गेला.